सतराव्या दिवसाआधी: केमोत केस जातात तेव्हा काय करायचं

कॅन्सरच्या पहिल्या केमोनंतर घरी निघताना सिस्टरनी एक छापील कागद हातात दिला. उलटीची गोळी कधी घ्यायची, ताप आला तर कुणाला फोन करायचा, बाहेरचं पाणी प्यायचं नाही, सगळं होतं त्यात. केसांबद्दल एक ओळ नव्हती. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पंधरा-वीस दिवसांत केस जायला लागतील हं," आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

माझे सतराव्या दिवशी जायला लागले. सकाळी वेणी घालायला केस पुढे घेतले आणि एक बट हातातच राहिली. ओढलं नव्हतं, दुखलंही नाही. कणीस सोलताना त्याचे केस जसे मुकाट्याने हातात येतात तशी ती आली. दिवस साधारण ठाऊक होता, तरी घरात ना ट्रिमर, ना टोपी, ना मोरीच्या जाळीवर घालायला काही. संध्याकाळपर्यंत मोरी तुंबली आणि रडायचं सोडून आम्ही दोघं तारेनं केस उपसत बसलो.

केमोचे बाकीचे त्रास कुणाला होतात, कुणाला होत नाहीत. केसांचं मात्र बऱ्यापैकी वेळापत्रक असतं. औषधाचं नाव कळलं की केस जाणार का, किती आणि साधारण कधी, हे आधी सांगता येतं. म्हणून पुढचं सगळं दिवसांच्या हिशेबानं लिहिलंय.

पहिल्या केमोच्या आधी: औषधाचं नाव विचारा

"केमो म्हणजे टक्कल" हे अर्धंच खरं आहे. डोक्यावरच्या केसांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के केस कुठल्याही वेळी वाढत असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत भराभर विभागणाऱ्या पेशींपैकी. केमोची औषधं नेमकी भराभर विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. गाठीतल्या कोणत्या आणि केसाच्या मुळातल्या कोणत्या, हे त्यांना कळत नाही. पण प्रत्येक औषधाचा हा फटका सारखा नसतो.

फाइलवर डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांपैकी नावं दिसली, तर डोक्यावरचे बहुतेक केस जातील असं धरून चाला. (डॉक्सोरुबिसिनचा रंग लाल असतो, वॉर्डात त्याला 'लाल औषध'च म्हणतात. त्यानंतर दिवसभर लघवीही लालसर होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि केस जायच्या कितीतरी आधी मी त्यानंच घाबरले होते.) कॅपेसिटाबीन, ५-एफयू, जेमसिटाबीन, ऑक्झॅलिप्लॅटिन यांनी बहुधा केस विरळ होतात, पूर्ण जात नाहीत. अशा पेशंटनं घाईघाईनं डोकं भादरून घेऊ नये. आमच्या वॉर्डात एका काकांनी घेतलं आणि नंतर कपाळाला हात लावून बसले.

हल्ली अनेकांना नुसत्या गोळ्या असतात आणि त्यांचे चाळे वेगळेच. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब यांसारख्या गोळ्यांनी डोक्यावरचे केस कोरडे, ठिसूळ, कुरळे होऊ शकतात आणि पापण्यांचे केस उलट लांब वाढून डोळ्यात टोचू लागतात. तसं झालं तर ते घरी कात्रीनं कापू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सुनिटिनिबनं केसांचा रंगच उडतो, गोळी थांबली की परत येतो. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या हॉर्मोनच्या गोळ्यांनी काहींचे केस हळूहळू पातळ होतात, आणि त्या पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्यायच्या असल्यामुळे ही तक्रार लांबते.

रेडिएशनचं, म्हणजे शेकाचं, गणित सोपं आहे: किरण जिथे पडतात तिथलेच केस जातात. छातीला शेक असेल तर डोक्यावरच्या केसांना काहीही होत नाही. काखेतले किंवा पुरुषांच्या छातीवरचे जातील. डोक्याला शेक असेल तर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात आणि डोस जास्त असेल तर तेवढ्या भागात परत न येण्याचीही शक्यता असते. हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा.

विचारायचे प्रश्न कागदावर लिहूनच न्या, कारण त्या खोलीत गेल्यावर डोकं कोरं होतं. केस पूर्ण जातील की विरळ होतील? कितव्या दिवसापासून? परत येतील ना? आणि तुमच्याकडे थंड टोपीची सोय आहे का?

एक गोष्ट मात्र विचारायचीही गरज नाही. "केस गेले नाहीत, म्हणजे औषध लागू पडत नाही" असं शेजारची एखादी तरी बाई सांगेलच. याला काहीही आधार नाही. केस आणि गाठ यांचा एकमेकांशी असा हिशेब नसतो.

थंड टोपी: ठरवायचं तर पहिल्या सलाइनच्या आधी

डोक्याची कातडी गार केली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं आणि पेशींचं कामही मंदावतं. या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राला नळीनं जोडलेली टोपी असते, तिच्यातून गार द्रव फिरत राहतो. केमो सुरू व्हायच्या साधारण अर्धा तास आधी ती चढवतात, सलाइन चालू असेपर्यंत ठेवतात आणि नंतरही औषधाप्रमाणे कमीजास्त वेळ, बऱ्याचदा तास-दीड तास. म्हणजे आधीच लांब असलेला दिवस आणखी लांब. पहिली दहा-पंधरा मिनिटं कपाळ ठणकतं, बर्फाचा गोळा घाईघाईनं खाल्ल्यावर ठणकतं तसं. मग ते बधिर होतं. शाल बरोबर ठेवायची.

उपयोग होतो का? होतो, सगळ्यांना नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या स्त्रियांचे केस बऱ्यापैकी टिकले; टोपी न घातलेल्यांपैकी एकीचेही टिकले नाहीत. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही अशी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले आणि आकडा जवळपास तसाच आला, निम्म्याहून थोडा जास्त. लाल औषधापेक्षा पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांवर टोपी जास्त चालते. आणि "टिकले" म्हणजे एकही केस न जाणं नव्हे; विग न लावता बाहेर पडता येईल इतके राहिले, तर त्याला यश म्हणतात.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही टोपी देत नाहीत. थंडीनं रक्तात गुठळ्या होण्याचा किंवा थंडीची ॲलर्जी असण्याचा त्रास असेल तरीही नाही. सोय सगळीकडे नसते, खर्च वेगळा पडतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या केमोला "आता सुरू करूया" म्हणून चालत नाही. मला हे तिसऱ्या केमोच्या वेळी कळलं. घरच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या डोक्याला बांधून हे करायला जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

पहिला ते चौदावा दिवस: हाताशी काय असावं

या दोन आठवड्यांत पहिले काही दिवस मळमळ आणि थकव्यात जातात. मग सात-आठ दिवस बरे मिळतात. त्यातच ही कामं उरकायची.

केस आधी खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत कापून घ्या. लांब केस गळताना एकमेकांत अडकून जटा होतात, त्या सोडवताना डोकं दुखतं. शिवाय आखूड केसांची आरशाला आणि घरच्यांना सवय होते. माझी वेणी कमरेपर्यंत होती. कापायचीच तर रबर लावून, वेणी घालूनच कापा आणि कोरडी कागदात गुंडाळून ठेवा. मुंबईच्या 'कोप विथ कॅन्सर – मदत ट्रस्ट'सारख्या संस्था दान आलेल्या केसांचे विग करून पेशंटना मोफत देतात. तिथे देता येते. किंवा स्वतःसाठीच ठेवा. एका वेणीत पूर्ण विग होत नाही, पण कारागीर त्याच केसांची झालर एका पट्टीवर शिवून देतो. वर स्कार्फ बांधला की कपाळावर आणि कानांजवळ स्वतःचेच केस दिसतात. माझी आजी अंबाड्यात गंगावन घालायची, तेव्हा मी हसायचे. माझ्याच वेणीचं गंगावन माझ्याच कपाळावर बसलं.

विग घ्यायचा असेल तर केस असतानाच जा, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. नाहीतर मोबाइलमध्ये समोरून, बाजूनं आणि मागून काढलेले तीन फोटो ठेवा.

घरात आणून ठेवायच्या वस्तू फार नाहीत. ट्रिमर. मऊ सुती टोप्या दोन-तीन, त्यातली एक रात्रीची. मोरीच्या जाळीवर घालायला जुनी नायलॉनची मोजी. उशीवरचे केस उचलायला रुंद चिकटपट्टी. झाडूनं ते नुसते घरभर फिरतात. आणि सौम्य शाम्पू, लहान बाळांचा चालतो.

चौदावा ते एकविसावा दिवस

केस जायच्या दोन-तीन दिवस आधी डोकं चुणचुणायला लागतं. उशीवर कूस बदलली तरी मुळं दुखतात, घट्ट अंबाडा दिवसभर बांधून रात्री सोडल्यावर दुखतात तशी. हा इशारा समजा. केस गेले की हे दुखणंही जातं.

मग ते गळू लागतात: उशीवर, ताटात, देवघरातल्या तबकात. चार-सहा दिवस हे बघत बसण्यापेक्षा डोक्यावर मशीन फिरवून टाकणं मला सोपं गेलं. माझ्याबरोबरच्या एका ताईंनी शेवटची बट जाईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, तेही बरोबरच. पण वस्तरा नको. हा एकच नियम मी हात जोडून सांगेन. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, त्यानंतरही लगेच पूर्ववत होत नाहीत, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असतील तर बारीक चिरही वाहत राहते. गुळगुळीत करण्याचा हट्ट धरू नका. ट्रिमरला पट्टी लावून दोन-तीन मिलिमीटर खुंट राहू द्या. ते आपोआप गळतात. पुरुषांनी दाढीही ट्रिमरनंच करावी. न्हाव्याला घरी बोलवा, मशीन तुमचं वापरायला सांगा.

बाईचं डोकं भादरणं ही आपल्याकडे नुसती केसांची गोष्ट नसते. माझ्या सासूबाई ट्रिमरचा आवाज ऐकून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या विधवा आजीचं केशवपन झालेलं होतं, लाल आलवणातली ती बाई त्यांनी लहानपणी पाहिली होती. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांची डोकी भादरणार नाही असं ठरवलं. घराघरांतून ती रूढी जायला मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं लागली. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसानं "असं करू नकोस, अशुभ असतं" म्हटलं, तर लगेच भांडू नका. त्यांना काय दिसतंय ते आधी विचारा. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला स्वतः खोबरेल लावलं. कोमट नव्हे, गारच. तेवढं डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं.

लहान मुलांना आधी सांगा, शक्य असेल तर त्यांच्या समोरच कापा. माझ्या सहा वर्षांच्या लेकानं धाकट्या भावाचं जावळ पाहिलेलं होतं. त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुझं जावळ कुठल्या मामानं काढलं?"

उघड्या डोक्याची निगा

ही कातडी कधी उन्हात आलेलीच नसते. पहिल्याच आठवड्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना माझं डोकं भाजलं. बाहेर पडताना टोपी किंवा सनस्क्रीन हवंच. रात्री उलट गार पडतं, विशेषतः पंखा डोक्यावर असेल तर.

दोन-तीन दिवसांनी सौम्य शाम्पूनं, कोमट पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपा, चोळू नका. खोबरेल किंवा साधं बिनवासाचं क्रीम पुरे. बारीक पुळ्या येतात, त्या फोडू नका. पू धरला किंवा अंगात १००.४ फॅरनहाइट ताप भरला तर रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा. केमोत ताप ही थांबून बघायची गोष्ट नाही. डोक्याला रेडिएशन चालू असेल तर तेल, क्रीम, काहीही लावण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारा.

आता सल्ल्यांचा पाऊस पडेल. कांद्याचा रस, लसूण, जास्वंदीचं गरम तेल, मेंदी. कांद्याच्या रसानं त्या नाजूक कातडीची नुसती आग होते. केमो चालू असेपर्यंत नवे केस धरणारच नाहीत, मुळांवर दर काही दिवसांनी औषधाचा मारा होतोय. गोळ्यांच्या बाबतीत तर जास्तच जपा. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यानं थायरॉइड आणि हॉर्मोनच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. भस्मं, काढे, पुड्या, जे काही कुणी आणून देईल ते आधी तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. "काही नाही, आयुर्वेदिकच आहे" असं म्हणत ती पिशवी लपवून ठेवणारे पुष्कळ असतात, आमच्या घरातही होते.

विग, स्कार्फ, टोपी

आपल्याकडे विगला जुना शब्द टोप, नाटकवाल्यांचा. केमोचा टोप मात्र रात्री प्रयोग संपल्यावर उतरवून मोकळं होता येत नाही, तो आठ-दहा तास डोक्यावर राहतो. म्हणून दिसण्याइतकंच आतून कसा आहे ते बघा. आतल्या बाजूला हात घालून शिवण चाचपा. टोचली तर उघड्या डोक्याला ती दहापट टोचेल. मागे मापाच्या पट्ट्या हव्यात, कारण केस गेल्यावर विग सैल होतो. खाली पातळ सुती टोपी घाला. मे महिन्यात विदर्भात किंवा बारमाही घामाच्या कोकणात विग दिवसभर घालणं अवघडच. समारंभापुरता तो आणि एरवी सुती स्कार्फ, असं बहुतेक जणी करतात.

कृत्रिम केसांचा विग स्वस्त, हलका, धुतला तरी आकार धरून राहतो. खऱ्या केसांचा महाग आणि त्याची निगा खऱ्या केसांसारखीच. (जगभरच्या विगांना लागणाऱ्या केसांचा मोठा वाटा आपल्याच देशातून जातो, तिरुपतीला नवस फेडून उतरवलेल्या केसांचा तर लिलाव होतो. कुणाचा तरी नवस आपल्या डोक्यावर बसतो, असं मनात आलं की मला बरं वाटायचं.)

कृत्रिम विगाचा एकच मोठा शत्रू, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात असतो. दिवाळीला मी विग घालून चकल्या तळायला उभी राहिले. झारा उचलायला वाकले, कढईची वाफ आली, आणि समोरच्या बटा आखडून प्लॅस्टिकच्या ब्रशसारख्या झाल्या. जाळ लागलेला नव्हता, नुसत्या गरम हवेनं. त्या परत सरळ होत नाहीत. ओव्हनचं दार उघडताना, कुकरची शिटी काढताना, भाकरी शेकताना विग खुंटीला आणि डोक्याला फडकं.

दुचाकीवर हेल्मेट काढताना विग बरोबर निघतो. ज्यांना असं पार्किंगमध्ये व्हायला नको असेल त्यांनी हेल्मेटखाली स्कार्फ बांधावा, विग पिशवीत न्यावा. पुण्यात तर स्कार्फ ही सर्वांत सोपी गोष्ट. अर्धं शहर डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळून गाडीवर फिरतं, तुमच्याकडे वळून कोण बघणार.

स्कार्फ सुतीच घ्या, मीटरभर चौरस, धुऊन मऊ झालेला. रेशमी आणि पॉलिस्टरचा गुळगुळीत डोक्यावरून घसरतो. कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्रिकोण करा, घडी कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर, टोकं मानेमागे त्रिकोणाच्या वरून गाठ मारून बांधा. डोकं फार चपटं दिसतं असं वाटलं तर खाली लहान नॅपकिनची घडी ठेवा. अंबाड्याइतका उंचवटा येतो. आणि काहीच नसेल तर जुना टी-शर्ट. बाह्यांच्या खालून आडवा कापा, खालची नळी डोक्यावर चढवा, मागे लोंबणाऱ्या भागाला एक पीळ द्या आणि तो परत डोक्यावर उलटवा. झाली टोपी, शिवण नाही, गाठ नाही.

पुरुषांना वाटतं आपल्याला काय, टक्कल तर टक्कल. आमच्या शेजारच्या खुर्चीवर सातारकडचे एक मामा असायचे, केसांबद्दल चकार शब्द नाही. मिशी गेली त्या दिवशी मात्र म्हणाले, "वाडीत कसा जाऊ?" शेवटी मफलर आणि टोपी घालून गेले, जून महिन्यात.

भुवया, पापण्या आणि नाकातले केस

डोक्याचे गेले की झालं असं वाटतं. भुवया आणि पापण्या बहुधा नंतर जातात, काहींच्या शेवटच्या केमोच्या आसपास, कारण त्यांतले वाढीला लागलेले केस एका वेळी कमी असतात. माझ्या पॅक्लिटॅक्सेल चालू असताना गेल्या. खरं सांगायचं तर टकलापेक्षा हेच जड गेलं. केस नसलेल्या डोक्यावर स्कार्फ येतो. भुवया नसल्या की चेहरा आजारी दिसतो.

त्या असतानाच समोरून जवळचा फोटो काढून ठेवा. पेन्सिल केसांच्या रंगापेक्षा एक छटा फिकी घ्या आणि एकच रेघ ओढू नका. लहान तिरक्या रेघा, केस असल्यासारख्या. कुंकवाच्या टिकलीचा गोंद या दिवसांत कपाळाला खाजवतो, ओलं गंध किंवा पेन्सिलीचा ठिपका बरा. खोट्या पापण्यांच्या गोंदाच्या वाटेला मी गेले नाही.

पापण्या नसल्या की धूळ थेट डोळ्यात येते आणि पाणी वाहतं. साधा बिननंबरचा चष्मा लावा. नाकातले केस जातात हे तर कुणीच सांगत नाही. सर्दी नसताना नाक पाण्यासारखं गळतं, जेवताना वाकलं की थेंब ताटात. खिशात रुमाल दोन ठेवा. काखेतले आणि खालचेही जातात. ही एकच बातमी ऐकून वॉर्डातल्या पोरी हसल्या होत्या.

शेवटच्या केमोनंतर

तीन ते सहा आठवड्यांत डोक्यावर लव येते, मऊ, रंग नसल्यासारखी. दोन-तीन महिन्यांत खरे केस दिसतात. मग महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला पाच-सहा इंच. कमरेपर्यंतच्या वेणीचा हिशेब ज्यानं त्यानं करावा, मी केला आणि वही मिटली.

पहिले केस अनेकदा ओळखू येत नाहीत. सरळ होते ते कुरळे येतात, काळे होते तिथे पांढरे. बहुतेकांचे वर्षभरात पूर्वीच्या वळणावर येतात, काहींचे येत नाहीत. केस दाट व्हावेत म्हणून पुन्हापुन्हा भादरण्याचा उपयोग नाही. ते मुळाशी ठरतं, टोकाशी नाही. मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध लावल्यानं केस परत यायला थोडी मदत होऊ शकते, पण कधी आणि कितीचं लावायचं ते डॉक्टरांना विचारूनच. शेवटच्या केमोला सहा महिने उलटूनही डोक्यावर मोकळ्या जागा राहिल्या तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. डोसेटॅक्सेलनंतर थोड्या जणींच्या बाबतीत असं होतं. काही वेळा कारण साधं निघतं, लोह कमी किंवा थायरॉइड, आणि ते दुरुस्त होतं. हॉर्मोनच्या गोळीनं केस पातळ होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

रंग, स्ट्रेटनिंग, काळी मेंदी हे सगळं साधारण सहा महिने लांब. काळ्या मेंदीत बहुधा केसांच्या रंगातलंच रसायन असतं. त्यानंतरही आधी कानामागे थोडंसं लावून दोन दिवस बघायचं, पूर्वी चालत असलं तरी.

मी चौथ्या महिन्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये गेले. मानेवर केस वेडेवाकडे वाढले होते, वर सगळ्या गोल गोल अळ्या. तिथली मुलगी नवीन होती. तिनं एक कुरळी बट बोटावर गुंडाळून बघितली आणि म्हणाली, "काय मस्त पर्म केलंय, कुठे केलंत हो?" मी तिला पत्ता सांगितला नाही. मानेवरचे तेवढे कापून सारखे करून घेतले आणि बाकीच्यांना हात लावू दिला नाही.